परक्याचे औदार्य आणि प्रवासाचा आराखडा

जुन्या स्कूटरवरून हजारो किलोमीटरचा खुष्कीचा प्रवास करावयाचा असे ठरविणारा मनुष्य, निव्वळ सोयीच्या दृष्टीने पाहिले तर, न उलगडणारी निवड करीत असतो. त्याच अंतरासाठी अधिक वेगवान, अधिक सुरक्षित आणि अधिक भरवशाची वाहने उपलब्ध असतात. तरीही तो तीस-चाळीस वर्षांपूर्वीची एखादी वेस्पा, लॅम्ब्रेटा किंवा बजाज निवडतो आणि मग कित्येक महिने आखणी करीत बसतो. कोणता घाट कोणत्या महिन्यापर्यंत बर्फाखाली असतो, पेट्रोलच्या दोन पंपांमध्ये अंतर किती आहे, एका दिवसात किती मजल मारता येईल, याचे तक्ते तयार होतात. क्लच आणि गिअरच्या केबली, स्पार्क प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, पिस्टनच्या रिंगा, ट्यूब आणि पेट्रोलमध्ये मिसळावयाचे ऑइल यांची यादी होते. उंचीवर हवा विरळ झाली की इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि गाडी दम टाकू लागते. म्हणून कार्ब्युरेटरसाठी लहान छिद्राचा जेट बरोबर घेतला जातो. देशाबाहेर जावयाचे असल्यास कार्ने नावाची जकातीची पुस्तिका मिळवावी लागते. वाहन त्या देशात विकले जाणार नाही, परत बाहेर नेले जाईल, याची ती हमी असते आणि प्रत्येक देशासाठी तिच्यातील एक पान खर्ची पडते.

एवढी तपशीलवार आखणी करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : गाडी वाटेत बंद पडणार. ती कोठे आणि कशाने पडेल हे तेवढे ठाऊक नसते. आणि त्याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्टही तो मनोमन जाणतो. गाडी बंद पडली की कोणीतरी थांबेल, कोणी ट्रकवाला ती मागे चढवून पुढच्या गावापर्यंत नेईल, कोणी रात्रीपुरती ओसरी देईल, कोणी जेवू घालील. यादीत हे कोठेही लिहिलेले नसते. पण हे वजा केले तर यादी अपुरी ठरते. येथे खरा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. परक्या माणसाचे औदार्य आपल्या आराखड्यात गृहीत धरण्याचा अधिकार कोणाला असतो काय? गृहीत धरले, तर ते औदार्य उरते काय? आणि गृहीत धरलेले नाही असे म्हणावे, तर तो निव्वळ शब्दच्छल ठरत नाही काय?

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम ते वाहन काय आहे हे पाहणे अगत्याचे आहे. वेस्पाचे पेटंट 23 एप्रिल 1946 रोजी इटलीत नोंदविले गेले. महायुद्धात पोंतेदेरा येथील विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर पिआज्जिओ कंपनीने सामान्य माणसाला परवडेल असे वाहन काढावयाचे ठरविले आणि ते काम कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येतील अभियंत्यावर सोपविले. पुढच्या वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा बाजारात आणली. दास्कानिओने वेस्पाचे पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरून ठेवले, जेणेकरून पंक्चर झाल्यास चाक सहज काढून बदलता यावे. पंक्चर होणारच, हे त्या रचनेने आधीच मान्य केलेले होते. तथापि ही सारी योजना गावातल्या गावात, कामावर जाणाऱ्या माणसासाठी होती. वाळवंटे आणि पर्वतरांगा ओलांडणे हा तिचा हेतू नव्हता.

भारतात या वाहनाला वेगळेच आयुष्य लाभले. मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा आणली, तर बजाजने पुण्याजवळ आकुर्डीला पिआज्जिओच्या परवान्याखाली स्कूटर बनविली. 1971 मध्ये तो परवाना संपला आणि 1972 पासून ‘चेतक’ निघू लागली. त्याच वर्षी लखनौला सरकारी मालकीची स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि इनोचेंतीची यंत्रसामग्री इकडे आली. मागणी अफाट आणि उत्पादन परवान्याने बांधलेले, त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर लागला की घरात सण होई. पुढे उभे राहिलेले मूल, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली पत्नी, दोघांच्या मध्ये दुसरे मूल आणि हँडलच्या खाली अडकविलेली भाजीची पिशवी, एवढा प्रपंच या गाडीने दोन-तीन दशके ओढला. सकाळी ती एका कुशीवर कलती करून मग किक मारण्याचा विधी घरोघर होता. 2009 साली बजाजने स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. ‘चेतक’ हे नाव 2020 मध्ये परत आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी.

एका पिढीची गरज दुसऱ्या पिढीचा छंद व्हावा, यात स्वतःहून काही गैर नाही. परंतु गरजेपोटी सोसलेली अडचण आणि हौसेने पत्करलेली अडचण यांच्यातील भेद डोळ्यांआड करता येत नाही. कारकुनाची स्कूटर भर पावसात बंद पडे, तेव्हा त्याला दुसरा पर्याय नसे. आजचा प्रवासी पर्याय असताना ती अडचण निवडतो. म्हणून त्याच्या कष्टांना आपोआप पुण्याई लाभत नाही. उलट एक जादा जबाबदारी येते. त्याने पत्करलेल्या दुर्बलतेची किंमत तो एकटाच चुकवितो की वाटेवरच्या, ज्यांना काही विचारलेलेच नाही अशा, माणसांकडून ती वसूल करतो, हे पाहिले पाहिजे.

यावर एक सोपे उत्तर संभवते. मागून दुरुस्तीचे सामान आणि मिस्त्री घेऊन एक मोटार ठेवावी, मुक्काम आधी ठरवावेत, कोणाचे काही घेऊ नये. हे उत्तर निर्दोष आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही, टाळला जातो. शिवाय ज्या हेतूने जुनी स्कूटर निवडली तो हेतूच त्यात नष्ट होतो. मंद गतीचे, उघडे आणि वारंवार थांबणारे वाहन माणसाला रस्त्याकडेच्या जगापासून वेगळे ठेवीत नाही, हीच त्याची थोरवी. ज्योर्जिओ बेत्तिनेल्ली हा इटालियन लेखक 1992-93 मध्ये रोमहून सायगावपर्यंत वेस्पावरून गेला आणि 2008 मध्ये चीनमध्ये निधन होईपर्यंत त्याच वाहनाने खंडामागून खंड ओलांडीत राहिला. अशा प्रवासाचे सारे मोल वाटेतील माणसांच्या भेटीत असते. माणसे हवीत आणि त्यांचे ऋण मात्र नको, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या टोकाचे उत्तर 1962 साली दोन भारतीय तरुणांनी दिले. अण्वस्त्रांच्या विरोधात शांततेचा संदेश घेऊन सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दिल्लीहून पायी निघाले आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण असे करीत मॉस्को, पॅरिस, लंडन आणि अखेर वॉशिंग्टन येथे पोहोचले. समुद्र तेवढा त्यांनी बोटीने ओलांडला. विनोबांनी त्यांना सल्ला दिला होता की, बरोबर पैसा घेऊ नका. म्हणजे येथे परक्याचे औदार्य हाच संपूर्ण आराखडा होता. वरकरणी पाहता, जो प्रश्न स्कूटरस्वाराच्या बाबतीत अडचणीचा वाटतो तो येथे दसपटीने वाढला पाहिजे. प्रत्यक्षात तसे वाटत नाही. याचे कारण शोधले तर विचाराला दिशा मिळते.

त्या दोघांचे अवलंबित्व उघड होते. दारात येणाऱ्याजवळ पैसा नाही आणि तो का नाही, हे यजमानाला कळत होते. त्यांचा हेतू त्यांच्या स्वतःच्या अनुभवापुरता नव्हता. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नकार मिळाला तर त्याचे फळ त्यांचे त्यांनाच भोगावयाचे होते. जेवण न मिळाले तर उपास, छप्पर न मिळाले तर उघड्यावरची रात्र. ही शक्यता त्यांच्या निश्चयात आधीच सामावलेली होती, म्हणून देणाऱ्यावर दडपण येत नव्हते. तो नाही म्हणावयास मोकळा होता, आणि म्हणूनच त्याने दिलेली भाकरी हे दान होते.

येथून एक कसोटी हाती लागते. औदार्याची आशा धरणे आणि औदार्य गृहीत धरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो आराखडा दुसऱ्याच्या मदतीवाचून, कष्टाने का होईना, तग धरू शकतो, त्यात मदतीची आशा निष्पाप असते. जो मदतीवाचून कोलमडतो आणि कोलमडताना दुसऱ्याला संकटात ओढतो, त्यात ती आशा नसते; ती वसुली असते. बर्फाच्या घाटात अपुऱ्या कपड्यांनिशी अडकलेला मनुष्य मदत मागत नाही, तो ती भाग पाडतो. त्याला तेथे सोडून जाणे कोणाही सज्जनाला शक्य नसते. कांटने 1785 मध्ये मांडलेल्या नीतितत्त्वाचा आशय असा की, माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. त्यातील ‘केवळ’ हा शब्द येथे महत्त्वाचा ठरतो. माणसे एकमेकांच्या उपयोगी पडतातच; समोरच्याला नकार देण्यास जागा ठेवली आहे की नाही, यावरून तो केवळ साधन झाला की नाही हे ठरते.

या कसोटीवर यादीतील क्षुल्लक वस्तूंनाही वेगळा अर्थ प्राप्त होतो. जादा केबल ही वरवर पाहता स्वतःच्या सोयीची वस्तू आहे. पण ती बरोबर असल्याने ट्रकवाल्याचा अर्धा दिवस वाचतो. प्लगवरची काजळी साफ करणे, पॉइंटमधील अंतर लावणे, चाक सोडविणे ही कामे निघण्यापूर्वी शिकून घेणे हा छंदाचा भाग खराच. त्यात वाटेवरच्या अनोळखी माणसाविषयीचा आदरही आहे. जो पूर्ण तयारीनिशी निघतो त्याच्याच वाट्याला आलेली मदत खऱ्या अर्थाने अनपेक्षित असते. म्हणून तयारी आणि विश्वास यांत विरोध कल्पिण्याचे कारण नाही. तयारीमुळेच विश्वास हा आळसापासून वेगळा ओळखता येतो.

आणखी एक भेद करणे आवश्यक आहे, तो श्रम आणि स्नेह यांच्यातला. महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या टपरीत बसलेला मिस्त्री जुन्या स्कूटरचे इंजिन आवाजावरून ओळखतो. सुटा भाग न मिळाल्यास दुसऱ्या गाडीचा घासून बसवितो. ही त्याची विद्या आहे आणि तिच्यावर त्याचे घर चालते. प्रवासवर्णनांत मात्र पुष्कळदा हा मनुष्य केवळ साध्या-भोळ्या माणुसकीचा नमुना म्हणून अवतरतो. त्याने पैसे किती घेतले याचे कौतुक होते आणि त्याच्या कौशल्याचे मोल विसरले जाते. श्रमाचे दाम पुरेपूर द्यावे, हा येथे पहिला नियम. त्यानंतर त्याने चहा पाजला, रात्री मुलाला बरोबर देऊन रस्ता दाखविला, तर ते त्याचे देणे. त्याचे दाम विचारणे हा अपमान. जेथे दाम द्यावयाचे तेथे आभार मानून सुटणे आणि जेथे आभार मानावयाचे तेथे नोट पुढे करणे, या दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 मधील आपल्या दानविषयक निबंधात दाखविले आहे की, अनेक समाजांत देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात. दान वरून मुक्त दिसले तरी ते नाते बांधते. मग जो प्रवासी त्या वाटेने पुन्हा येणारच नाही, त्याने परत काय आणि कोणाला करावे? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, जो उलट उपकार करू शकणार नाही अशाला दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे. देणाऱ्याच्या बाजूने हे समर्पक आहे. घेणाऱ्याने मात्र त्याचा आधार घेणे धोक्याचे. ‘माझ्या अडचणीमुळे त्याला पुण्य घडले’ ही वाक्यरचना कितीही नम्र भासली तरी ती आपल्या गरजेला उपकाराचे रूप देते. दुसऱ्याच्या चांगुलपणाला संधी मिळावी म्हणून कोणी गाडी नादुरुस्त ठेवून निघत नाही. निघाला तर तो दांभिक म्हटला जाईल.

मराठी समाजाला या कोड्याचा एक जुना, सामूहिक उलगडा परिचित आहे, तो वारीचा. आळंदीहून आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांचे मुक्काम, विसावे आणि दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. इतका नेटका आराखडा क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रवासाला असेल. आणि तरीही ती चालते वाटेवरच्या गावांच्या अन्नदानावर. येथे औदार्य गृहीत धरलेले आहे असे वाटते. पण ते दोन्ही बाजूंनी धरलेले आहे. वारकरी यजमानाची वाट धरतो तसा यजमानही वारकऱ्याची वाट पाहतो. तिथी दोघांनाही ठाऊक असते. दरवर्षी परत येणे हेच तेथे परत करणे होय. ‘अतिथी’ या शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी सांगितली जाते. त्या अर्थाने वारकरी अतिथी नसतो, तो घरचाच असतो. एकट्या स्कूटरस्वाराचे तसे नाही. त्याच्या वहीत प्रत्येक दिवसाला तारीख असते. ज्याच्या दारात तो उभा राहतो त्याच्या पंचांगात मात्र त्याची नोंद नसते. ही विषमता त्याने सतत ध्यानी ठेवली पाहिजे.

ही विषमता पुसणे शक्य नसले तरी हलकी करणे शक्य आहे, आणि त्याचे साधन म्हणजे वेळ. आराखड्यात मोकळे दिवस ठेवणे ही सामान्यतः गाडीच्या बिघाडासाठीची तरतूद समजली जाते. तिचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. ज्याच्याजवळ मोकळा दिवस नाही तो दुसऱ्याच्या बंद पडलेल्या गाडीपाशी थांबू शकत नाही, म्हाताऱ्या यजमानाची कहाणी शेवटपर्यंत ऐकू शकत नाही, आणि आग्रहाने दिलेले जेवणही घड्याळाकडे पाहत जेवतो. ऋण ज्याचे त्याला फेडता येत नसेल, तर ते पुढच्या वाटेवर दुसऱ्या कोणाला तरी फेडावे लागते, आणि त्यासाठी वेळ शिल्लक असावा लागतो.

सहप्रवाशांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. चार जुन्या स्कूटरी बरोबर निघाल्या की सर्वांत दुबळ्या इंजिनाचा वेग हा सर्वांचा वेग होतो. 1923 मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेला निघाले. 1928 मध्ये ती पुरी करून परतले ते तिघे : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. पुरे करणाऱ्यांची नावे इतिहास जपतो. परंतु मागे फिरणाऱ्याला मानाने मागे फिरता येईल, पुढे जाणाऱ्याला अपराधी न वाटता पुढे जाता येईल, याचा विचार निघण्यापूर्वीच होणे हे कोणत्याही आराखड्याचे नैतिक अंग आहे. तसेच जे प्रवासात नाहीत आणि ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्यांचेही एक देणे लागते. टू-स्ट्रोक इंजिनात काही मिश्रण न जळताच बाहेर पडते आणि ऑइलचा धूर होतो. तो धूर प्रवासी मागे टाकून जातो, पण रस्त्याकडेचा मनुष्य तेथेच असतो. इंजिन नीट राखून आणि ऑइल मापात घालून तो कमी करता येतो. नाहीसा करता येत नाही. त्या उरलेल्या धुराचे समर्थन करण्यापेक्षा तो आपल्या देण्याच्या बाजूला लिहून ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे.

कोणताही आराखडा इतिहासापुढे किती टिकतो, हाही प्रश्न आहेच. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तानमार्गे भारतात येणारी वाट 1979 मधील इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनी तोडली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद करण्याचा निर्णय एका दिवसात झाला. विष्णुभट गोडसे 1857 मध्ये वरसईहून उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांचा बेत अगदी व्यावहारिक होता. घरावर कर्ज होते, बायजाबाई शिंदे यज्ञ करणार होत्या आणि तेथे दक्षिणा मिळण्याची आशा होती. प्रत्यक्षात ते बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, मिळविलेले लुटले गेले. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले आणि आई-वडिलांना त्यांनी गंगास्नान घडविले. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाने मराठीला जे दिले ते त्यांच्या बेतात कोठेच नव्हते. पण बेतातील एक गोष्ट मात्र अखेरपर्यंत ढळली नाही : आपण कोणासाठी निघालो आहोत, हे ते विसरले नाहीत.

आराखड्यातील काय बदलावयाचे आणि काय बदलावयाचे नाही, याचा निवाडा या उदाहरणावरून करता येतो. मार्ग, तारखा, मुक्काम, किंबहुना गंतव्यस्थानसुद्धा बदलू शकते, आणि ते बदलण्याची तयारी नसलेला मनुष्य प्रवासाला लायक नव्हे. देणे मात्र बदलत नाही. मिस्त्रीचे दाम, यजमानाचा नकार देण्याचा हक्क, सोबत्याची मर्यादा, घरी वाट पाहणाऱ्यांना दिलेला शब्द आणि पुढच्या वाटेवर कोणासाठी तरी राखलेला वेळ या गोष्टी यादीच्या आरंभी लिहिल्या जावयास हव्यात. त्यांच्याखाली केबली, प्लग आणि जेट यांची नावे यावीत. एवढे करून निघालेल्या माणसाची स्कूटर एखाद्या निर्मनुष्य चढावर बंद पडली आणि दूरवरून येणारा ट्रक न थांबता निघून गेला, तर त्याला चरफडण्याचे कारण उरत नाही; त्याने हत्यारांची पिशवी उघडावी. आणि तो ट्रक थांबलाच, तर उतरून आलेल्या माणसाकडे त्याला मोकळ्या मनाने पाहता येईल.